काच काढू की नको?

वाचकांचे प्रश्न : जुन्या फोटोंच्या कॉपी

मागच्या अंकात जुन्या फोटोंबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, अशी दोन ओळींची चौकट छापली होती. पत्रं आली ती बहुतेक सगळी एकाच गोष्टीची : मूळ फोटो एकच आणि वाटेकरी चार. मी सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत वाढले. वडील कॅमेऱ्यामागे आणि मी टचिंगच्या, म्हणजे फोटोवर हाताने सुधारणा करायच्या टेबलावर, हातात टोकदार पेन्सिल आणि शून्य नंबरचा ब्रश. स्टुडिओ आता नाही, पण कॉपीचं काम हातात बसलेलं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते.

प्रश्न : महालातला आमचा वाडा यंदा पाडायला जाणार आहे. बैठकीत पणजोबा आणि पणजीचे दोन मोठे फोटो आहेत. तिघा भावांना एकेक कॉपी हवी म्हणून मोबाइलवर फोटो घेतले, तर पणजोबांच्या कोटावर माझाच चेहरा आणि मागची खिडकी उमटते. काच काढून घेऊ का?
– एक वाचक, महाल

काचेला अजून हात लावू नका. आधी फ्रेम भिंतीवरून उतरवा आणि खिडकीपाशी तिरपी धरून बघा. फोटोचा काही भाग ओला असल्यासारखा गडद, चकचकीत दिसतो का? कुठे तेलाच्या थेंबासारखे इंद्रधनुषी डाग दिसतात का? तसं असेल तर तिथे फोटो काचेला चिकटलेला आहे.

आपल्या नागपुरात याला बरेचदा कूलर कारणीभूत असतो. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोच्या ब्रोमाइड कागदावर चांदीचा थर जिलेटिनमध्ये बसवलेला असतो. दमट हवेत जिलेटिन पाणी पितं, फुगतं, मऊ होतं. फ्रेमवाल्याने काच आणि फोटो यांच्यात माउंटची पट्टी घातली नसेल, आणि जुन्या फ्रेममध्ये ती सहसा नसतेच, तर मऊ झालेला थर थेट काचेला टेकतो. एप्रिल-मे महिने कूलरची ओली हवा, मग पावसाळा, मग कोरडा हिवाळा. सुकताना तो थर काचेसकट सुकतो. असा फोटो ओढून काढलात तर पणजोबांचा गाल काचेवर राहील आणि पांढरा कागद तुमच्या हातात येईल. तो गाल मग कोणाच्याही ब्रशने परत येत नाही. चिकटलेला फोटो काचेसकटच कॉपी करायचा आणि काचेसकटच ठेवायचा.

चिकटलेला नसेल तर फ्रेम जाड चादरीवर पालथी घाला, मागचा कागद फाडा, बारीक चुका (खिळे) पकडीने एकेक करून उपसा आणि मागची फळी उचला. फोटोचा पुठ्ठा पापडासारखा कडक झाला असेल तर तो वाकवून बाहेर काढू नका, फ्रेम उलटवून अलगद हातावर घ्या. आणि काढल्यावर पुसू नका. धूळ मऊ ब्रशने किंवा रबरी फुंकणीने उडवा. काच साफ करायचं निळं पाणी, कोलन वॉटर, ओला बोळा, यातलं काहीही फोटोवर नको. काच चिकटलेली असेल तर फडकं किंचित ओलं करून फक्त वरून पुसा. काचेवर फवारा मारला की पाणी कडेने आत उतरतं.

आता प्रतिबिंबाचं. काच तेच दाखवते जे तिच्यासमोर उजेडात आहे. म्हणून समोरचं अंधारात न्यायचं. फ्रेम भिंतीला सरळ उभी करा. कॅमेऱ्यासमोर, म्हणजे तुमच्या आणि फोटोच्या मध्ये, काळी चादर किंवा काळा कार्डशीट धरा आणि त्याला लेन्सएवढं भोक पाडा. तुमची खोली, तुमचा पांढरा बनियान, वरचा पंखा सगळं त्या काळ्यामागे जातं. (पंखा बंदही करा. तो फ्रेम हलवतो आणि काचेत फिरतानाही दिसतो.)

दिवे दोन घ्या, एकसारखे, एकाच कंपनीचे, फोटोच्या डाव्या-उजव्या बाजूला साधारण ४५ अंशात. काचेत दिवा दिसला तर ते आणखी बाजूला सरकवा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र करू नका, एक बाजू निळी आणि एक पिवळी येते. उजेड दोन्हीकडून सारखा पडतो की नाही हे डोळ्याला कळत नाही, म्हणून वडील एक पेन्सिल फोटोच्या बरोबर मध्यावर उभी धरायचे. डावी-उजवी सावली लांबीला आणि काळेपणाला सारखी झाली की दिवे बरोबर. एक सावली गडद असेल तर तिच्या समोरच्या बाजूचा दिवा थोडा मागे घ्या.

कॅमेरा फोटोला समांतर आहे का, यासाठी दुसरी युक्ती. फोटोच्या मध्यावर एक छोटा सपाट आरसा टेकवून धरायला सांगा. कॅमेऱ्यातून बघताना आरशाच्या मधोमध तुमचीच लेन्स दिसली की झालं. लेन्स वर-खाली दिसली तर कॅमेरा तिरपा आहे, आणि मग चौकोनी फोटो पतंगासारखा येतो.

मोबाइल असेल तर अगदी जवळ जाऊ नका. मोबाइलची नेहमीची लेन्स वाइड असते, जवळून कडा ताणल्या जातात आणि मोबाइलची सावलीही पडते. दोन पावलं मागे या. दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा, नसेल तर लांबूनच घेऊन नंतर कापा. फ्लॅश बंद, ब्यूटी बंद, मोबाइल स्टँडवर आणि दोन सेकंदांचा टायमर. मोठा कॅमेरा असेल तर ५० मिलिमीटरची किंवा मॅक्रो लेन्स, छिद्र एफ ८ च्या आसपास, आयएसओ १००.

पहिली कॉपी फ्रेमसकट घ्या, दुसरी फक्त फोटोची, आणि तिसरी पाठीची. पाठीवर स्टुडिओचा शिक्का, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, कधी कोणाच्या हस्ताक्षरात तिथी असते. वाडा पडल्यावर ती वाचायला मिळणार नाही.

प्रश्न : माझे आजी-आजोबा १९५६ च्या ऑक्टोबरात दीक्षेसाठी भंडाऱ्याहून नागपूरला आले होते. तेव्हा इथल्या एका स्टुडिओत दोघांनी फोटो काढला. दोघंही पांढऱ्या कपड्यांत. मी घेतलेल्या प्रत्येक कॉपीत आजीचं लुगडं नुसता पांढरा ठोकळा दिसतं. मूळ फोटोत चुण्या दिसतात. शिवाय फोटो कडेने पिवळा पडत चाललाय.
– एक वाचक, इंदोरा

या फोटोसाठी मी पत्रांच्या ढिगातून तुमचं पत्र वर काढलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जमलेल्या लोकांत पांढऱ्या कपड्यांतली अशी कितीतरी जोडपी असतील. घरात फोटो असणारी घरं त्या मानाने थोडी. तेव्हा घाई न करता करू या.

तुमचा कॅमेरा चुकत नाहीये, तो सरासरी काढतोय. स्टुडिओचा मागचा पडदा गडद असणार. कॅमेऱ्याला वाटतं चित्र काळोखं आहे, म्हणून तो उजेड वाढवतो, आणि पांढऱ्यातला पांढरा जळून जातो. मूळ फोटोतल्या चुण्या म्हणजे पांढऱ्याच्या अगदी जवळजवळच्या दोन-तीन छटा. थोडा उजेड जास्त झाला की त्या एक होतात. मोबाइलच्या पडद्यावर लुगड्यावरच बोट टेकवा आणि शेजारच्या सूर्याच्या चिन्हाने उजेड कमी करा, फोटो जरासा काळसर वाटेपर्यंत. मोठ्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर एक-दोन तृतीयांश स्टॉप उणे करा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा डोंगरासारखा आलेख) बघा. डोंगराचा उजवा पाय कडेला आपटता कामा नये. काळसर आलेल्या कॉपीतून चुण्या नंतर वर काढता येतात. जळलेल्या कॉपीत काढायला काही उरलेलंच नसतं.

आता पिवळेपणा. त्याची दोन कारणं वेगळी ओळखायला हवीत. फोटो धुताना हायपो (चित्र पक्कं करायचं रसायन) पुरता निघाला नसेल तर उरलेलं गंधक चांदीवर काम करत राहतं आणि काळ्याचा तपकिरी, तपकिरीचा पिवळा होतो. इथे चित्रच पिवळं आणि फिकं झालेलं असतं. दुसऱ्या प्रकारात चित्र ठीक असतं, वर डाग पिवळा असतो, मागच्या निकृष्ट पुठ्ठ्याचा किंवा डिंकाचा.

म्हणूनच काळ्या-पांढऱ्या फोटोची कॉपीसुद्धा रंगीतच घ्या, 'ब्लॅक अँड व्हाइट'वर ठेवू नका. रंगीत फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात. चित्र स्वतः पिवळं पडून विरलं असेल तर निळा थर बघा. पिवळा रंग निळ्यात काळा दिसतो, त्यामुळे विरलेल्या चुण्या तिथे ठळक होतात. वरून डाग पडला असेल तर लाल थर बघा. तिथे पिवळा जवळपास नाहीसा होतो. हे काही कॉम्प्युटरने शोधलेलं नाही. फिल्मच्या दिवसांत आम्ही विरलेल्या फोटोला फक्त निळा उजेड ओळखणारी फिल्म वापरत होतो आणि डागाच्या फोटोला लेन्सवर पिवळा फिल्टर लावत होतो.

गडद भागात कडेला निळसर चंदेरी चमक असेल, तिरपं धरल्यावर आरशासारखी, तर ती चांदी वर आलेली आहे. घासू नका. दिवे थोडे बाजूला, चपटे करून बघा, चमक जाते.

प्रश्न : आईबाबांच्या लग्नाचे १९७८ चे फोटो आहेत. स्कॅन केले की सगळीकडे बारीक ठिपक्यांची जाळी येते. स्कॅनर खराब आहे का?
– एक वाचक, मनीषनगर

स्कॅनर ठणठणीत आहे. तुमचे फोटो सिल्क कागदावरचे आहेत. तेव्हा तीच फॅशन होती, गिऱ्हाईक बोट फिरवून बघायचं आणि खूश व्हायचं. बोटांचे ठसे उमटत नाहीत हा त्याचा गुण. पण स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने येतो आणि कागदावरच्या प्रत्येक उंचवट्याला एक चमक आणि एक सावली देतो. तुमची जाळी ती हीच.

असे फोटो स्कॅन न करता कॅमेऱ्याने घ्या, वर सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडून सारखा उजेड. बरीच जाळी तिथेच जाते. उरलेली घालवायची तर दोन्ही दिव्यांसमोर पोलरायझरची (चमक अडवणारी) शीट आणि लेन्सवर गोल फिरणारा पोलरायझर. फिरवता फिरवता एका जागी चमक एकदम विझते. शीट दिव्याला चिकटवू नका, तापून वाकते. स्कॅनरच हाताशी असेल तर एकदा सरळ आणि एकदा फोटो अर्धा फिरवून, म्हणजे डोकं खाली करून, स्कॅन करा आणि दोन्ही एकमेकांवर बसवून अर्धे-अर्धे मिसळा. वेळखाऊ आहे, पण होतं.

प्रश्न : आजी गेली. तिचा एकटीचा फोटोच नाही. आत्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत ती मागच्या रांगेत उभी आहे. त्यातून तेरवीला ठेवायला १० बाय १२ चा फोटो करायचा होता, तो मोठा करताना फुटला, चेहरा ओळखू येईना. तेरवी झाली. आता वर्षश्राद्धाला तरी नीट होईल का?
– एक वाचक, नंदनवन

तुम्हाला सांगते, कॉपीचं निम्म्याहून अधिक काम हेच असायचं. माणूस जिवंत असताना त्याला स्टुडिओत कोणी आणत नाही. गेल्यावर ग्रुप फोटो घेऊन येतात आणि मागच्या रांगेतल्या चेहऱ्यावर बोट ठेवतात. "ताई, हिचा मोठा करून द्या, आणि डोक्यावरचा हा दुसऱ्याचा हात काढा." कपाळावरचं कुंकू ठळक करा, लुगड्याला काठ काढा, आणि कधी कधी, फोटो शेवटच्या दिवशीचाच असला तर, डोळे उघडून द्या. आम्ही डोळे काढूनही द्यायचो. पण कॉपीच्या प्रिंटवर. गिऱ्हाइकाचा मूळ फोटो टचिंगच्या टेबलावर येतच नसे, तो पाकिटात घालून परत जायचा.

तुमचं गणित असं. ग्रुप फोटोत आजीचा चेहरा साधारण ६ मिलिमीटरचा असेल. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला तर चेहऱ्याला १४० च्या आसपास पिक्सेल मिळतात. तो चेहरा ६ सेंटिमीटरचा केला की इंचाला ६० पिक्सेल उरतात, आणि चांगल्या छपाईला ३०० लागतात. म्हणून फुटतो. तेवढाच भाग १२०० डीपीआयला स्कॅन करा. फोटो जुना, मोठ्या निगेटिव्हवरून थेट छापलेला असेल तर त्यात आणखी तपशील निघेल. एनलार्ज केलेला असेल तर फारसा निघणार नाही, नुसते दाणे मोठे होतील. स्टुडिओवाल्याकडून निगेटिव्ह घरी आली असेल तर आलमारीतली पाकिटं आधी शोधा, निगेटिव्हइतकं काहीच नाही.

आणि १० बाय १२ चा हट्ट सोडा. चेहरा अडीच-तीन सेंटिमीटरचा ठेवून ४ बाय ६ चा फोटो करा, रुंद पांढऱ्या माउंटमध्ये बसवा, फ्रेम हवी तेवढी मोठी घ्या. हार फ्रेमला घालायचा असतो.

प्रश्न : मोबाइलच्या अ‍ॅपने आजोबांचा फोटो एकदम स्वच्छ आणि रंगीत करून दिला. तुमचं मत काय?
– एक वाचक, सदर

अ‍ॅपने आजोबांसारखा दिसणारा एक माणूस करून दिला. तुमच्या आजोबांच्या डाव्या भुवईवर वण होता की नाही हे त्याला माहीत नाही. त्याला तो डाग वाटला की तो पुसतो. दात दिसत नसतील तर दात देतो. कोटाचा रंग अंदाजाने लावतो. जुन्या काळी हाताने रंगवलेल्या फोटोतही रंग अंदाजाचेच असत, पण रंगवणारा निदान घरच्यांना विचारायचा. हौस म्हणून करा. फक्त ती फाइल वेगळ्या नावाने ठेवा आणि आधीची, पिवळी, ओरखड्यांची, जशी होती तशी कॉपी पुसू नका. वीस वर्षांनी घरातल्या पोरांना दोन्हींतली खरी कोणती हे सांगायला कोणी नसेल.

प्रश्न : सप्टेंबर २०२३ च्या पुरात घरात पाणी शिरलं. दोन अल्बम भिजले. घाईत ते तसेच उन्हात वाळवले, आता त्याची वीट झाली आहे.
– एक वाचक, अंबाझरी परिसर

२३ सप्टेंबरच्या त्या पहाटेनंतर हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला. खरं सांगायचं तर अर्धीच आशा आहे. सुटी पानं, कडेचे फोटो, जेवढं डोळ्याला दिसतंय त्याची आत्ता आहे त्या स्थितीत कॉपी घ्या. वाकडे असले तरी घ्या. मग सगळ्यात कमी महत्त्वाचे, लॅबमधून छापून आलेले दोन चिकटलेले फोटो निवडा आणि थंड स्वच्छ पाण्याच्या पसरट ट्रेमध्ये ठेवून द्या. थोड्या वेळाने आपोआप सुटू लागले तर सुटू द्या, नखाने ओढू नका. सुटले की चित्र वर करून सुती कापडावर सावलीत वाळवा. रंग पाण्यात उतरू लागले किंवा थर साबणासारखा बुळबुळीत झाला तर तिथेच थांबा आणि बाकीच्यांना पाणी दाखवू नका. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेले फोटो तर पाण्यात घालूच नका. बुरशी असेल तर तोंडाला मास्क लावून अंगणात बसा.

दुसऱ्यांसाठी सांगून ठेवते : भिजलेले फोटो एकमेकांवर वाळू देऊ नका. लगेच सुटे करून पसरा. तेवढा वेळ नसेल तर मध्ये बटर पेपर घालून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाका. दोन दिवसांच्या आत टाकले तर बुरशी धरत नाही, आणि मग सवडीने थोडे थोडे बाहेर काढता येतात.

प्रश्न : फोटो स्टुडिओने काढलेला आहे, स्टुडिओ कधीच बंद झाला. आम्ही कॉपी काढली तर कायद्याची अडचण?
– एक वाचक, धंतोली

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन आपल्यासाठी काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. तुमच्या घरच्यांनी पैसे मोजले होते. निर्धास्त काढा.

प्रश्न : कॉपी छान आली, पण पुण्याच्या बहिणीला पाठवली तर तिच्याकडची प्रिंट पुसट येते.
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात, त्याने तो दाबून लहान केला. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आहे तेवढी जाईल. मूळ फाइल टिफमध्ये ठेवली असेल तर पाठवायला तिची जेपीईजी वेगळी करा. ८ बाय १२ इंचांच्या प्रिंटला २४०० बाय ३६०० पिक्सेल असले की लॅबवाला तक्रार करणार नाही.

निगेटिव्ह आणि काचेच्या प्लेटांबद्दलची पत्रं पुढच्या अंकात घेते. तोवर प्लेटा कडेने धरा, आणि उभ्या ठेवा.